भिवराचा शनिवार

लहानांनो ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्हीही जरा कान द्या. फार फार वर्षं झाली या गोष्टीला. डोंगराच्या पायथ्याशी कोष्ट्यांचं एक गाव होतं. घरोघरी माग चालत. त्या गावात एक दिवस पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी आली. नाव धुरपा. घरची माणसं तापाच्या साथीत गेली होती आणि घर भावकीनं बळकावलं होतं.

गावाची एक रीत होती. निराधार कुणी आलं, की सात घरांनी त्याचे सात वार वाटून घ्यायचे. ज्या घरी वार, तिथं त्यानं दिवसभर काम शिकायचं आणि पोटभर जेवायचं. असं वर्षभर निभलं, की तो माणूस गावचा. मग सगळ्यांनी मिळून त्याला घर बांधून द्यायचं. एखाद्या घराला वार सोडायचा असला, तर तोंडानं सांगायचं नाही. त्या दिवशी ओसरीवर पाट मांडायचा नाही, एवढंच. आणि जेवणाऱ्याला जेवणाबद्दल कधी काही विचारायचं नाही. तसं विचारणं हलकेपणाचं मानत.

सहा घरांनी सहा वार घेतले. उरलेला शनिवार भिवरानं घेतला. मायेनं नव्हे हं! आपण मागं राहिलो तर गाव नावं ठेवील, म्हणून.

धुरपा कामाला चलाख निघाली. कुठं सूत उकलायला शिकली, कुठं खळ लावायला, कुठं कांड्या भरायला. पाणवठ्यावर बायकांच्या तोंडी तिचंच नाव. "पोर कसली, लक्ष्मी आहे!" मंगळवारवाली तर म्हणे, "मी तिच्यासाठी मुद्दाम गुळाची पोळी करते बाई."

हे ऐकलं, की भिवराच्या तळपायाची आग मस्तकात जाई. तुम्ही म्हणाल, हिचं काय गेलं? काही गेलं नाही. पण पोटात दुखायला कारण लागतं थोडंच! ती मनाशी म्हणे, 'बारा वर्षं झाली मला या गावात सून होऊन. कुणी कधी विचारलं का, भिवरा, जेवलीस का? आणि ही कालची आलेली!'

शेवटी तिनं जीभ मोकळी सोडली. सोमवारवालीला गाठून म्हणाली, "सांगू नये, पण राहवत नाही. पोरगी म्हणते, तुमची आमटी म्हणजे नुसतं पाणी." मंगळवारवालीला म्हणाली, "तुमच्या पोळीला म्हणे खवट वास येतो." प्रत्येकीला वेगळं काहीतरी. आणि वर प्रत्येकीला, "माझं नाव घेऊ नका हं!"

खरंखोटं विचारायचं तर रीत आडवी. मग एकेका ओसरीवरचा पाट उचलला गेला. धुरपा दाराशी यायची, रिकामी ओसरी बघायची आणि पावलं न वाजवता मागं फिरायची. भिवरा हे खिडकीतून बघायची आणि तिला मनातून गुदगुल्या व्हायच्या. वर्ष भरायला दोनच महिने उरले होते.

शनिवार आला. भिवराच्या ओसरीवर पाट होता. तिच्या घराची चुगली तिच्याकडे कोण करणार? धुरपा बसली. पोरीचे गाल आत गेले होते. तिनं अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली अर्धी हळूच पदराआड लपवली.

भिवरा खेकसली, "हे काय गं? चोरी?"

"नाही मावशी. वाटेत लागेल म्हणून. उद्या निघते मी. सहाही वार सुटले, आता वर्ष काही पुरं व्हायचं नाही." मग मुलगी जरा घुटमळली. "जाताना एक विचारू? तुम्ही सगळ्यांकडे जाता-येता. माझं कुठं चुकलं, ते सांगाल का? पुढच्या गावात तरी तसं वागणार नाही. तुम्ही एकट्यांनीच मला टाकलं नाहीत, म्हणून तुम्हालाच विचारते."

बारा वर्षं ज्या मायेसाठी भिवरा जळत होती, ती माया समोर पाटावर बसली होती. आणि ती तिला लबाडीनं मिळाली होती. तिला स्वतःची शरम वाटली, इतकी की तिनं पदर तोंडाला लावला आणि ती ढसाढसा रडली.

"तुझं नाही गं बाई, माझं चुकलं," ती म्हणाली. पोरीचा हात धरून ती तशीच चावडीवर गेली आणि गाव गोळा करून तिनं सगळं सांगून टाकलं.

सोमवारवाली उसळली, "अगं भवाने, पंधरा दिवस आमटी चाखून चाखून जीभ पोळली माझी!"

मंगळवारवाली मात्र हळू आवाजात म्हणाली, "आणि आपण तरी कसल्या? पोर उपाशी फिरली, पण एकीनंही तिला तोंडावर विचारलं नाही."

गावचे एक म्हातारे पंच उठले. "वार आजपासून पुन्हा सुरू. आणि न विचारायची ती रीत आज मोडली. शंका आली, तर समोरासमोर विचारायचं. भिवराचा शनिवार मात्र काढून घेतो. तो माझ्या घरी."

"आजोबा, असू दे ना, मी मावशींना माफ केलंय," धुरपा म्हणाली.

"तू कर, पोरी. ते तुझ्या हातात आहे. गावाला वेळ लागेल."

दोन महिन्यांनी वर्ष भरलं. गावानं धुरपाला घर बांधून दिलं, घरात माग बसवला. भिंतीची माती मळायला भिवरा सगळ्यांच्या आधी आली होती. धुरपा पुढं जन्मभर तिला मावशीच म्हणत राहिली. पण भिवरा नुसतं "आज ऊन फार आहे" म्हणाली, तरी बायका आधी आभाळाकडं बघून खात्री करून घेत.

म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या वाट्याची माया हिसकावायला जाणारा आपल्या वाट्याचा विश्वासही घालवून बसतो.