सभासदांचं पातेलं

भांडी बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकायची, त्या काळची ही गोष्ट. एका वाडीतल्या लोकांनी आपापलं मोडकं पितळ एकत्र करून ओताऱ्याकडून एक मोठं पातेलं ओतून घेतलं. पितळ देईल तो सभासद, आणि ज्याची नड असेल त्यानं पातेलं न्यायचं, असं ठरलं.

एका सकाळी दोन सभासद एकदमच आले. ठकूबाईच्या लेकीचं लग्न होतं आणि भिवाजीरावांच्या नातवाचं बारसं.

"मी अख्खी घागर दिली होती," भिवाजीराव म्हणाले. "हिनं काय दिलं? चिरलेलं फुलपात्र!"

"खरं आहे," ठकूबाई म्हणाली. "पण तुमच्या घरी पातेली आहेत. माझ्या दारात वऱ्हाड आलं, तर मी भात कशात शिजवू?"

पातेलं गोंधळलं. त्यानं झाऱ्याला विचारलं, "मी कुणाचं रे?"

"घागरवाल्याबरोबर जा," झारा म्हणाला. "फुलपात्राएवढा तुकडा तेवढा इथे ठेव!"

पातेल्यानं आपलं बूड चाचपलं, काठ चाचपला. "भिवाजीराव, तुमची घागर माझ्यात कुठे आहे? मला सापडत नाही."

भिवाजीरावांनी काठावर टिचकी मारली. सगळं पातेलं घणघणलं. बुडावर मारली, तरी सगळंच घणघणलं. आता तेही गोंधळले. शेवटी त्यांनी एक कडी घट्ट धरली. "ही तरी माझीच!"

"असेल," म्हणत ठकूबाईनं दुसरी कडी धरली. "उचला मग. मला एकटीला पेलत नाही."

वाटेत पातेल्यानं पुन्हा विचारलं, "पण मी कुणाचं?"

"गप बस," भिवाजीराव धापा टाकत म्हणाले. "हिचा मांडव आला."