एक जूनचा वाढदिवस

“मग दोन ओळी लिहून द्यायला हरकत काय आहे, गुरुजी?”

आमदार जालिंदर खाकाळ तिसऱ्यांदा विचारत होते.

अंबादास गुरुजी ओट्यावर पोतं टाकून बसले होते. भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मृगाच्या पेरणीचं बियाणं. वय शहाऐंशी, पण बोटं चालू होती. आमदारांना पहिली ते चौथी त्यांनीच शिकवलं होतं.

मे महिन्याची एकोणतीस तारीख. सकाळचे सव्वादहा.

“हरकत नाही,” गुरुजी म्हणाले. “आधी वाचू तरी दे.”

आमदारांचं एक मासिक पत्रक निघतं. नाव ‘आपली खबर’. मतदारसंघातल्या प्रत्येक घरात जातं. कुठला रस्ता मंजूर झाला, कुठे डोळ्यांचं शिबिर आहे, दहावीला कोण पहिलं आलं, कोण वारलं, सगळं त्यात असतं. एक जूनला आमदारांचा वाढदिवस. म्हणून त्या महिन्याचा अंक सोळा पानांचा, रंगीत. पहिल्या पानावर मधोमध एक चौकट कोरी होती. ती गुरुजींच्या आशीर्वादासाठी. छापखाना दुपारपर्यंत थांबणार होता.

“मंत्र्यांच्या शुभेच्छा आल्यात,” आमदार म्हणाले. “त्या मी आत टाकल्या. पाचव्या पानावर.”

गुरुजींनी चष्मा वर सरकवला आणि छापखान्याहून आलेल्या नमुना अंकाचं पहिलं पान उलटलं.

तेवढ्यात गाडीपाशी उभा असलेला फोटोवाला पुढे आला. “साहेब, मघाचा नमस्कार नीट आला नाही. फ्लॅश पडला नाही. परत एकदा वाकता का?”

आमदार उठले. वाकले.

गुरुजींनी दोन्ही पाय मांडीखाली ओढून घेतले.

“पहिला नमस्कार मला पोचला,” ते म्हणाले. “हा कुणाला?”

फोटोवाला गाडीकडे परत गेला. आमदार हसले, पण कान लाल झाले होते. गुरुजींनी शेंगांचा एक ढीग त्यांच्याकडे सरकवला.

“बस. रिकामा बसू नकोस.”

आमदार पांढऱ्या कपड्यांनिशी पोत्यावर बसले. पहिलीच शेंग अंगठ्याखाली चुरडली.

“हळू. बी आहे ते, फुटाणे नाहीत. लाल साल निघाली की उगवत नाही.”

“विसरलो, गुरुजी.”

“दिसतंय.”

गुरुजी वाचत राहिले. शब्दन् शब्द वाचत होते. जाहिरातीसुद्धा. पंचवीस मिनिटं गेली. सोळावं पान झालं. त्यांनी अंक मिटला, गुडघ्यावर ठेवला.

“कसा वाटला?”

“एकोणतीस.”

“काय एकोणतीस?”

“फोटो. तुझे.” गुरुजींनी एक शेंग उचलली. “तुझी तब्येत बरी आहे, हे मला एकोणतीस वेळा कळलं.”

“गुरुजी, थट्टा करू नका. लोकांना दिसावं लागतं. चार महिने दिसला नाही, तर आमदाराला मेलेला धरतात.”

“असं?”

“असंच आहे.”

“आणि मेलेल्याला जिवंत धरतात, ते कोण?”

गुरुजींनी पोत्याखालून एक कार्ड काढलं. वर आमदारांचा फोटो. खाली गुलाबी अक्षरं. श्री. गेनू सखाराम वारे यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपण शतायुषी व्हावे.

आमदारांनी ते दोनदा वाचलं.

“गेनूभाऊ तर...”

“मार्गशीर्षात गेला.”

“दशक्रियेला मी स्वतः आलो होतो! माइकवर बोललो. जानेवारीच्या अंकात बातमी आहे, फोटोसकट...” त्यांनी फोन काढला. “थांबा. यादी कुणी केली ते आत्ता विचारतो. एकेकाला घरी बसवतो.”

“ठेव तो फोन.”

“पण त्यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल?”

“ते विचारलंस, बरं केलंस.” गुरुजींनी हातावरची माती झटकली. “काल त्याची बायको हे घेऊन आली, चंद्रभागा. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं.”

“रडल्या?”

“नाही. म्हणाली, गुरुजी, ह्यांचा वाढदिवस निघाला कुठून? पंचेचाळीस वर्षं संसार केला, मला ठाऊक नव्हता. ह्यांनाही ठाऊक नव्हता.”

आमदारांनी कार्ड उलटं करून पाहिलं.

“मग म्हणाली, त्या दिवशी पुरण घालू का?”

“तुम्ही काय सांगितलं?”

“घाल म्हटलं. नको कोणत्या तोंडानं म्हणू?” गुरुजींनी टरफलं बाजूला सारली. “मला सांग, जालिंदर. ही तारीख तुझ्या माणसांना कुठे मिळाली?”

“शिबिराला आधार कार्डाची प्रत घेतो आम्ही. त्यावरून.”

“आधारवर कुठून आली?”

“शाळेच्या दाखल्यावरून असेल.”

“आणि दाखल्यावर कुणी लिहिली?”

...

“तुम्ही,” आमदार म्हणाले.

“एक जूनला किती कार्डं जातात तुझी?”

“यंदा अकरा हजार चारशे.”

“आणि दोन जूनला?”

आमदारांनी मान खाली घातली. मग त्यांनाच हसू आलं. “सोळा-सतरा.”

“तुला नवल नाही वाटलं?”

“त्यात नवल कसलं, गुरुजी? सगळ्यांना माहीत आहे. जुन्या लोकांचं एक जूनच असतं. मास्तर लोक टाकून द्यायचे, शाळेत घेण्यापुरतं वय भरावं म्हणून. आम्ही त्यावर विनोद करतो भाषणात.” एक शेंग त्यांनी सावकाश फोडली. या वेळी दाणे अख्खे निघाले. “माझं तेवढं खरंच आहे, ही गोष्ट वेगळी.”

गुरुजी हसायला लागले. हसता हसता ठसका लागला. आमदारांनी उठून तांब्या दिला, पाठीवर हात फिरवला.

“काय झालं? हसायला काय झालं?”

“गाढवा,” गुरुजी पाणी पिऊन म्हणाले, “तुझ्या आधी गेनूचा धाकटा भाऊ होता रांगेत. तुझ्यामागे शिंप्याचा दत्तू. तिघांची तारीख एकाच दौतीतून लिहिली.”

आमदारांचा हात गुरुजींच्या पाठीवर तसाच राहिला.

गाडीच्या काचेवर वाढदिवसाचं स्टिकर होतं. वेशीच्या कमानीवर बॅनर होता. पन्नास गावांत बॅनर होते. एक जूनला रक्तदान, एक जूनला शाळेत वह्या, एक जूनला मंदिरात अभिषेक.

“पण मी तर...” आमदार खाली बसले. “लहानपणापासून...”

“लहानपणापासून नाही. निवडून आल्यापासून.”

समोरच्या लिंबावर होला घुमत होता.

“तुझी आई तुला दंडाला धरून घेऊन आली होती,” गुरुजी म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. “तू रडत होतास. नाक वाहत होतं. मी विचारलं, जन्म कधीचा? तर म्हणाली, ज्वारीचं खळं चालू होतं, गुरुजी. माणसं जेवायला बसली होती. मी भाकरी थापत होते अन् कळा सुटल्या. परातीत पीठ तसंच राहिलं. सगळी माणसं अर्ध्या जेवणावरून उठली...”

“पुढे?”

“पुढे सांगत होती ती. तोंडावर हसू होतं. मी म्हटलं, बाई, ते राहू द्या, तारीख सांगा.”

“मग?”

“गप्प झाली.”

...

“मी एक जून लिहिलं. तुझ्यामागे सदतीस पोरं उभी होती.” गुरुजींनी हातातली शेंग खाली ठेवली. “चुकलं माझं, जालिंदर. तिला बोलू द्यायला हवं होतं.”

आमदारांच्या आईला जाऊन आठ वर्षं झाली होती.

“मला हे कधी बोलली नाही ती,” आमदार म्हणाले.

“तू केक कापत होतास. दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती. तिनं काय मध्येच उठून सांगायचं?”

“कुणाच्या खळ्यावर, गुरुजी?”

“विचारलं नाही मी.”

फोन वाजला. छापखान्याचा होता. आमदारांनी तो पाहिला आणि पालथा ठेवला. धोतराच्या टोकानं पुसावेत तसे सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. बाहीला शेंगांची माती लागली होती, ती गालावर आली.

गुरुजींनी ते पाहिलं. थोड्या वेळानं त्यांनी हात पुढे केला.

“आण तो अंक. पेन दे.”

“राहू द्या आता. आता काय छापायचं?”

“आण म्हटलं ना.”

गुरुजींनी अंक मांडीवर घेतला. पहिल्या पानावरच्या कोऱ्या चौकटीत लिहायला लागले. अक्षर अजून फळ्यावरचंच होतं, गोल आणि सरळ. लिहायला पाच मिनिटं लागली. मग अंक आमदारांपुढे केला.

चि. जालिंदर,
आज तुझा जन्मदिवस. घरच्यांनी तुझी दृष्ट काढावी. पुष्कळ वर्षं जग.
अंबादास मास्तर

खाली ‘दिनांक’ असं लिहिलं होतं. त्यापुढे काहीच नव्हतं.

आमदारांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवून पाहिलं.

“गुरुजी... तारीख राहिली.”

गुरुजींनी शेंगांची टोपली पुढे ओढली.

“जे त्या दिवशी अर्ध्या जेवणावरून उठले, त्यातले दोघेतिघे अजून गावात असतील. घरोघरी विचार. पायी जा.”