पातं मागे घेताना

"चूक दाखवली, यात माझं काय चुकलं, बाबा?"

राघोबाबा चौरंगाची फळी तासत होते. मठाची गादी आली, तरी हातातली सुतारकी काही सुटली नव्हती. त्यांनी मान वर केली नाही.

विशाखा दारातच उभी राहिली. संस्कृतची पदवी घेऊन ती मठात आली, त्याला तीन वर्षं झाली होती. मठाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या तानूबाईंना पन्नाशीत अक्षरं शिकवली ती तिनंच, बोट धरधरून. आणि आठ दिवसांपूर्वी पोथी वाचताना तानूबाईंचा एक शब्द चुकला, तेव्हा सगळ्यांदेखत "अर्थ कळत नसेल तर निदान अक्षरं तरी नीट बघा" असं म्हणाली, तीही तीच.

तानूबाईंनी पोथी मिटली. ती अजून उघडली नव्हती.

"बोलत नाही का तुझ्याशी?" बाबांनी विचारलं.

"बोलतात की. भाकरी गरम आहे, बस, म्हणतात. वाचायला चला म्हटलं, की म्हणतात, भांडी पडलीयत गं बाय..."

बाबांनी हातातला लाकडी रंधा तिच्यापुढे सरकवला.

"जरा हात मार."

तिनं जोर लावला. रंधा खाडकन अडला आणि फळीला ही एवढी खाच पडली. ती दचकून मागे सरली.

"पातं फार बाहेर आलंय."

"मग घे आत."

तिनं लाकडी हातोडा उचलून पात्याच्या माथ्यावर ठोका दिला. पातं आणखीच बाहेर आलं.

बाबा गालात हसले. "पात्याला मारलं की ते पुढंच जातं, पोरी."

त्यांनी रंधा हातात तोलला आणि त्याच्या लाकडावर, मागच्या अंगाला, हातोडा मारला. ठक्.

विशाखाचे खांदे आक्रसले. पातं केसभर आत गेलं होतं.

"पात्याला तर हातसुद्धा लावला नाहीत..."

"नाही."

तिनं रंधा उलटून पाहिला. मागचं लाकूड ठोके खाऊन खाऊन खोलगट झालं होतं. ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

बाबांनी पाचर ठोकून पातं घट्ट केलं. तिनं पुन्हा हात मारला. कांद्याच्या पापुद्र्यासारखी ढलपी वळत वळत वर आली.

तिनं ती बोटाभोवती गुंडाळली.

"म्हणजे ठोका मीच खायचा. जाते तानूबाईंकडे," ती म्हणाली. "बोलले सगळ्यांदेखत, तर माफीही सगळ्यांदेखतच मागते."

बाबांनी मान डोलावली.

दारातून ती वळली. "शब्द मात्र चुकलाच होता हं, बाबा. तेवढं फक्त त्यांना..."

बाबांनी हातोडा उचलून तिच्यापुढे धरला.

"अजून एक ठोका."