बगळ्यापर्यंतच्या उड्या

फार जुन्या काळी एका तळ्यातल्या बेडकांना प्रश्न पडला, की पलीकडचा बगळा किती लांब आहे? त्यावरून अंडी कुठे घालायची, ते ठरणार होतं.

बगळा अगदी नाकासमोर होता, तिथून खेकडा काठाने आडवा चालत गेला. तो अर्ध्या काटकोनात दिसताच खेकडा थांबला. "मी जितका आडवा आलो, तितकाच तो लांब. चाळीस उड्या."

मुखिया बेडूक हसला. "अरे तिरक्या, उडी न मारता उड्या मोजतोस? आपल्यात मोजणी पायांनीच होते. भदोबा, निघा!"

जुने मोजणीदार भदोबा मोठ्याने मोजत निघाले. 'एकोणचाळीस' ऐकू आलं. पुढे काहीच नाही.

"बघितलंस?" मुखिया खेकड्याला म्हणाला. "चाळीस भरल्याच नाहीत."