आगाताची रिकामी ढोली

पोलंडच्या ईशान्येला कुर्पिये नावाचा मुलूख आहे. जमीन रेताड, आणि नजर जाईल तिथवर पाइनचं रान. त्या रानाच्या कडेला एका झाडाच्या खोडात, बऱ्याच उंचावर, माणसाने कोरलेली ढोली दिसते. आत मधमाशा नाहीत. ‘मग बुजवत का नाही?’ असं पाहुण्यांनी विचारलं, की गावातली जुनी माणसं त्यांना बाकावर जागा करून देतात आणि सांगतात.

फार मागे हे झाड शिमोनचं होतं म्हणे. तेव्हा इथले लोक जिवंत झाडांत ढोल्या कोरून मधमाशा राखायचे. माशा म्हणजे घरचीच माणसं. धनी वारला की खोडावर टकटक करून त्यांना तसं सांगायचं, नव्या धन्याचं नाव घ्यायचं. नाही सांगितलं तर माशा उठून जातात, अशी समजूत.

शिमोन लढाईला गेला तो परतलाच नाही. मागे बायको आगाता एकटी. ना मूल, ना दीर. हिवाळा काढायचा तो त्याच झाडाच्या मधावर.

शेजारीण मार्ता रोज कुंपणाशी यायची.

“अगं, सांगून टाक माशांना. उडाल्या तर खाशील काय, पाइनची सालं?”

“त्याला मेला म्हणू? माझ्या तोंडाने?”

“मग मी म्हणते.”

“तू म्हणशीलच. तुझ्या तोंडात काही राहतंय का!”

दोघी हसल्या. हसता हसता आगाताला रडू फुटलं.

मग एक दिवस माशांनी ढोलीबाहेर घोस धरला. आता जाणार, हे सगळ्यांना कळलं. आगाता दोर घेऊन वर चढली. खोटं बोलवेना आणि खरं काय ते ठाऊकच नव्हतं. तिने खोडाला कपाळ टेकलं, टकटक केली आणि म्हणाली, “शिमोन घरी नाही. मी आहे.”

घोस हळूहळू आत गेला, असं सांगतात.

शिमोन आला नाही तो नाहीच. आगाता दर वसंतात चढून तेवढंच सांगायची. मार्ता वारल्यावर तिचं माणसांशी बोलणं उरलंच नाही. एका हिवाळ्यात आगाताही गेली. आगाता गेल्याचं माशांना सांगावं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बर्फ वितळल्यावर लोक वर चढले, तर पोळी मधाने भरलेली आणि माशी एक नाही. तो मध कुणाच्या घशाखाली उतरला नाही म्हणे.

आजही वसंत लागला की गावातली एकटी राहणारी माणसं त्या झाडाशी येतात, टकटक करून आपलं नाव घेतात आणि “मी आहे” म्हणतात. बाकीचं गाव उभं राहून ऐकतं. एखादं नाव आलं नाही, तर कुणीतरी लगेच त्या घराकडे चालू लागतं.