हद्दीचा दगड

माणसांनी हद्द आखून एका जंगलाला राष्ट्रीय उद्यान केलं, त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हाची ही गोष्ट. प्राण्यांनी तळ्याकाठी मोठा सोहळा ठरवला. मानाचा पाहुणा हद्दीवरचा दगड, कारण पहिल्या दिवसापासून त्यानं जागा सोडली नव्हती.

रानगवा त्याला न्यायला आला. "चला आजोबा, पाठीवर बसा. तळ्याकाठी तुम्हाला हार घालायचाय."

दगड हसला. "अरे बाबा, मी तळ्याकाठी येऊन बसलो, तर जंगलही तिथंच संपेल. हार घालायचा तर इथं येऊन घाला."

"एवढ्या लांब? पोरं दमतील!"

"दमू देत की."

गवा कुरकुरत परतला. पण थोरांचा शब्द मोडायचा कसा? दुसऱ्या दिवशी पहाटेच सगळे निघाले. नाला, बांबूचं बन, टेकडी ओलांडून उन्हं कलताना दगडापाशी पोचले. हे काय चाललंय ते बघायला पलीकडून गावातल्या शेळ्याही आल्या.

चितळाचं एक दमलेलं पाडस दगडाला टेकलं आणि आल्या वाटेकडे बघतच राहिलं.

"आई, एवढं सगळं आपलं?"

गवा हार घालायचं विसरून तसाच उभा राहिला. दगडाला मात्र त्याचा मान पोचला होता.