दोन पराती

आमच्या आंबेडोहात कुठल्याही घरी जा, दाराशेजारी खुंटीला दोन पराती टांगलेल्या दिसतील. एक मोठी, एक लहान. दोन्हींना पोचे. पाहुणे हमखास विचारतात, "आजी, या ठोकून सरळ का करून घेत नाही?" अहो, पोचे काढायचे म्हणजे गावाची अब्रूच काढायची! बसा ओसरीवर, सांगते. आभाळ भरून आलंय, तेव्हा जरा घाईनं सांगते. चहा मात्र मागू नका. सकाळपासून सुनेचं नि माझं बोलणं बंद आहे.

फार जुनी गोष्ट. दुष्काळामागून दुष्काळ पडले आणि लोकांनी पोटासाठी बियाण्याची वांगीसुद्धा भाजून खाल्ली, असं सांगतात. सगळ्या गावात वांग्याचं एकच झाड उरलं, बयजाच्या परसात. बयजा म्हणजे भिवराबाईची नवी सून. भांडी घासलेलं पाणीसुद्धा ती त्याच्या बुडाशी नेऊन ओती. बियाण्यासाठी राखलेली फळं पिवळी पडत आली होती. ती पिकली की घरोघर बी जायचं. अख्खं गाव त्या झाडाकडे डोळे लावून बसलेलं.

आणि वैशाखातल्या भर दुपारी वारा सुटला. टप्... टप्... मग धाडधाड! गारा!

त्या काळी रीत अशी होती की, गारा सुरू झाल्या की घरातली मोठी परात अंगणात पालथी टाकायची. तिचा आवाज ऐकून मळाई देवी गारा आवरते, अशी समजूत. एकदा टाकलेल्या परातीला हात लावणं म्हणजे घोर पाप. भिवराबाईनं परात फेकली आणि सुनेला आत ओढलं. परात ढणढण वाजते आहे, गोठ्यात शेळ्या ओरडताहेत, छपराचं गवत उडतं आहे, केळीच्या चिंध्या होताहेत, आणि देवी काही ऐकत नाही!

बयजानं पाहिलं, वांग्याची एक फांदी मोडून पडली. ती सासूचा हात झटकून धावली आणि अंगणातली परातच उचलली.

"अगं भवाने! देवीची परात उचललीस? गाव बुडवशील!"

"आत्याबाई, देवीला दुसरं काहीतरी द्या वाजवायला! झाड दुसरं नाही!"

आणि खरोखरच, म्हणे, गारा लिंबाएवढ्या झाल्या. बयजा परसात दोन्ही हातांनी परात झाडावर धरून ओणवी उभी. पाठ मात्र उघडी. प्रत्येक गारेसरशी पोर कळवळायची, पण परात हलू देईना.

भिवराबाईला मागच्या दारातून ते बघवेना. लहान परातीत कणीक मळून ठेवलेली होती. तिनं कणीक जमिनीवर उलटली, धावत गेली आणि परात सुनेच्या डोक्यावर धरली. स्वतःचं डोकं उघडंच! ओरडली, "मळाई, रागवायचं तर माझ्यावर रागव! पोर नवी आहे!" आणि त्याच दमात सुनेलाही शिव्या, "मूर्ख कुठली, वाक अजून!"

गारा थांबल्या तेव्हा छप्पर गेलेलं, परस भुईसपाट. उभं होतं ते एवढंच झाड आणि त्याच्याभोवती काळ्यानिळ्या पडलेल्या दोघी. त्या वर्षी घराघरांत त्याच झाडाचं बी गेलं. मळाई रागावली नाही, उलट फार हसली, असं आमच्यातल्या जुन्या बायका म्हणत.

तेव्हापासून परात अंगणात टाकायची रीत मोडली. आजही आंबेडोहात गारा आल्या की सुनेनं मोठी परात घेऊन बियाण्याच्या झाडाकडे धावायचं आणि सासूनं लहान परात घेऊन सुनेमागे. मग घरात भांडण असो नाहीतर...

टप्प! ऐकलंत? अगं बाई, ही तर निघालीसुद्धा! पाठ बघा कशी उघडी टाकून पळते आहे, वेंधळी कुठली! सरका, सरका, पाहुणे, ती लहान परात द्या इकडे! शेवंते, थांब गं, मी आले!